नागपुरात कमी बजेटमध्ये सुपरमोटो: नवीन चालवणाऱ्याने काय घ्यावं, काय बदलावं, कुठून सुरुवात करावी

"भाऊ, सुपरमोटो घ्याची आहे, बजेट दीड-दोन लाख, कोणती घेऊ?" हे मला इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. विचारणारा बहुतेक विशीतला पोट्टा असतो, घरची स्प्लेंडर नाहीतर ॲक्टिव्हा दोन-तीन वर्षं चालवलेली, आणि मोबाईलवर कोणीतरी मागचं चाक आडवं सोडून वळणात घुसताना बघितलेलं. मीपण असाच होतो म्हणून हसत नाही.

सरळ सांगतो, या बजेटात शोरूममध्ये जाऊन सुपरमोटो म्हणून उचलता येईल अशी गाडी आपल्याकडे नाही. जवळ जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि खर्च करून जवळ नेता येतील अशा आहेत. आता कोणता रस्ता धरायचा हे तुमच्या उंचीवर, हातावर आणि धीरावर आहे.

आधी सुपरमोटो म्हणजे काय ते थोडक्यात, कारण अर्ध्या लोकांना उंच आणि स्टिकरवाली गाडी म्हणजे सुपरमोटो वाटते. अमेरिकेत १९७९ मध्ये एका टीव्ही चॅनेलने रेस ठेवली, डांबराचा ट्रॅकवाला, मातीचा ट्रॅकवाला आणि मोटोक्रॉसवाला, म्हणजे मातीच्या चढ-उतारांवरून उड्या मारत जाणारा, असे तिघेही एकत्र, ट्रॅक थोडा डांबराचा थोडा मातीचा. त्यात जी गाडी टिकली ती म्हणजे मोटोक्रॉसच्या गाडीला छोटी रुंद चाकं आणि रोडचे टायर. पुढे फ्रान्समध्ये हे वेड जोरात वाढलं, तिकडे सुपरमोटार्ड म्हणतात. म्हणजे ओळख अशी की वजन कमी, एकच सिलिंडर, हँडल रुंद, सस्पेन्शन लांब, आणि पुढे-मागे १७ इंची चाक. रेसची ४५० सीसी गाडी ११० किलोच्या आसपास भरते. आपली रोजची कम्युटरपण त्याहून जड असते, त्यामुळे तेवढी अपेक्षा ठेवूच नका.

आता माझं मत, पटलं तर घ्या. १७ इंची चाकं बसवायचा विचार करायच्या आधी कंपनीतूनच १७ इंची चाकं आलेली हलकी गाडी एक वर्ष चालवा. यामाहाची एमटी-१५ बघा, १४१ किलो, १५५ सीसी, १८.४ पीएस (इंजिनची ताकद), टायर पुढे १००/८०-१७ मागे १४०/७०-१७ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा चाक किती इंची). सीट ८१० मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फुटाच्या माणसाचे पाय बऱ्यापैकी टेकतात. केटीएमची १६० ड्यूक २०२५ मध्ये आली, तीपण १४७ किलोची, १९ पीएस. सस्पेन्शन छोटं आहे, मान्य, पण सुपरमोटोची जी मजा आहे ना, की नजर टाकली तिकडे गाडी झुकली आणि लगेच सरळ झाली, ती सत्तर टक्के इथेच मिळून जाते. आणि तसंही ड्यूक हे नाव केटीएमने १९९४ मध्ये पहिल्यांदा लावलं ते सुपरमोटो छापाच्या एक सिलिंडरच्या गाडीलाच, म्हणजे घराणं तेच आहे.

"पण भाऊ ती उंच नाही ना वाटत." हाव, नाही वाटत. उंचच पाहिजे असेल तर हिरोची एक्सपल्स. २०० फोरव्ही १६० किलोच्या आसपास, १९ पीएसच्या थोडी खाली, सीट ८२५. नवीन २१० लिक्विड कूल्ड आहे, २४.६ पीएस, पण वजन १६८ च्या घरात आणि सीट ८३०. कावासाकीची केएलएक्स २३० आली तेव्हा सव्वातीन लाखाच्या वर होती, इथे बनायला लागल्यावर दोन लाखाच्या आसपास उतरली. ती १३९ किलोची, पण सीट ८८० मिलिमीटर! पाच फूट चार इंचाच्या माणसाने त्यावर बसून सिग्नलला थांबणं म्हणजे दर वेळी कसरत. या सगळ्यांना पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक असतं, मातीसाठी. केटीएमची ३९० एंड्युरो आर याच्या पुढची पायरी, पण ती तीन लाखाच्या वर जाते आणि ४६ पीएस नवीन हाताला खरंच गरजेचे नाहीत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४०, म्हणजे खिशाने विचार केला तरी छोट्या इंजिनमध्येच राहणं बरं.

एक गाडी राहिली, एक्सपल्स २००टी. २०१९ मध्ये एक्सपल्सच्या सोबतच आली होती, तेच इंजिन पण १७ इंची मॅग (अलॉय) व्हील, टायर पुढे १०० मागे १३०, सीट आठशेच्या आसपास. लोकांनी तिला फार भाव दिला नाही, म्हणूनच जुनी चांगल्या भावात मिळू शकते. माझ्या हिशोबाने नवीन माणसाला हीच सगळ्यात शहाणी खरेदी आहे, पण दिसायला साधी म्हणून पोट्टे नाक मुरडतात, काय कराचं.

जुनी घेताना काय बघायचं. एक्सपल्स जातीची गाडी मातीत आपटलेली असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे आधी खाली वाका. इंजिनखालची पत्र्याची प्लेट चेपलेली आहे का, फूटरेस्ट आत वळलेत का. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्या, मध्यावर कट्ट करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) चकचकीत नळीवर बोट फिरवा, तेलाची रेघ आली तर सील गेलं. चाक फिरवून तारा एकेक करून पेन्सिलने टिचकी मारत जा, सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला पाहिजे, जी थप्प वाजते ती ढिली. मालकाला फोनवर आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका, थंड असताना सुरू करून दाखवा. कागदात आरसी, इन्शुरन्स, आणि लोन होतं तर बोजा उतरला का ते. नागपूरच्या गाडीवर एमएच ३१, ४९ नाहीतर ग्रामीणची ४०, यातलं काहीही चालतं, फक्त परराज्यातली स्वस्त म्हणून उचलली तर एनओसी आणि टॅक्सच्या चकरा मारायची तयारी ठेवा. आणि नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय पूर्ण पैसे हातात देऊ नका, मित्राचा मित्र असला तरी.

बजेटाबद्दल एक गोष्ट लोक विसरून राहिले. शोरूमचा भाव वेगळा आणि ऑन-रोड वेगळा, रोड टॅक्स आणि नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम भरावा लागतो. त्यात हेल्मेट, ग्लोव्हज, गुडघ्याचे गार्ड, घोटा झाकणारे बूट. दीड लाख हातात असतील तर गाडी सव्वा लाखाचीच बघा, बाकीचं अंगावर घाला. आयएसआय मार्कचं हेल्मेट पाहिजेच, चोच असलेलं मोटोक्रॉसवालं दिसतं भारी पण वर्धा रोडवर ऐंशीच्या वर गेलं की वारा चोचीत भरतो आणि मान मागे ओढली जाते. आणि मेमध्ये ४५ डिग्रीत जाड जॅकेट कोणी घालत नाही हे मला माहीत आहे, म्हणून पहिल्यापासूनच जाळीवालं घ्या, म्हणजे घातलं तरी जाईल.

आता येऊ चाकं बदलण्यावर, कारण मला माहीत आहे की वरचं सगळं वाचून पण अर्धे जण एक्सपल्स घेऊन तेच करणार. मीपण केलं.

गणित आधी समजून घ्या. एक्सपल्सचा पुढचा टायर ९०/९०-२१, त्याचा पूर्ण व्यास होतो साधारण ६९५ मिलिमीटर. तिथे १००/८०-१७ लावला तर ५९२. म्हणजे गाडी पुढून पाच सेंटिमीटर खाली बसली. मागचा १२०/८०-१८ म्हणजे ६४९, तिथे १३०/७०-१७ लावला की ६१४, मागून पावणेदोन सेंटिमीटरच खाली. म्हणजे नाक खाली, शेपूट वर. फोर्क जास्त उभा होतो, गाडी वळायला एकदम चपळ होते आणि सरळ रस्त्यावर वेगात थोडी चुळबुळ करते. कोणाला हे आवडतं, नवीन माणूस मात्र घाबरतो आणि हँडल घट्ट पकडतो, मग ती अजूनच हलते. त्यामुळे मागचा शॉकअप किंवा फोर्कची जागा अशी जुळवायची की दोन्हीकडून सारखंच खाली यावं. ग्राउंड क्लिअरन्स २२० वरून तीन-साडेतीन सेंटिमीटर कमी होतो, शहरात त्याने काही बिघडत नाही.

रिम घेताना रुंदी विचारा. १३० च्या टायरला तीन ते साडेतीन इंच रुंद रिम पाहिजे, अरुंद रिमवर तोच टायर फुग्यासारखा गोल होतो आणि मग रुंद टायर लावून उपयोग काय. हबला जितकी भोकं तितक्याच भोकांची रिम, आणि तारा त्या मापाने कापून नवीन आट्या पाडून. हे काम कुठल्याही पंक्चरवाल्याकडे देऊ नका. मी दिलं होतं. त्याने बसवून दिलं, दिसायला फर्स्ट क्लास, पैसे पण कमी घेतले, आणि चौथ्या दिवशी पुढून टिक टिक आवाज यायला लागला, बघतो तर सात तारा हाताने फिरत होत्या. मग इतवारीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, आयुष्यभर सायकल आणि बुलेटच्या चाकांचा आउट (वाकडेपणा) काढत आलेले, त्यांनी चाक स्टँडला लावलं, खडूचा तुकडा रिमजवळ धरला आणि फिरवलं, जिथे खडू लागला तिथली तार अर्धा आटा, समोरची तार अर्धा आटा उलट, असं पाऊण तास शांतपणे. मधे एक शब्द बोलले नाही. शेवटी म्हणाले, "शंभर-दीडशे किलोमीटर चालवून परत आण, तारा बसतात, पुन्हा कसाव्या लागतात." हे वाक्य लक्षात ठेवा, दुसऱ्यांदा कसल्याशिवाय चाक तयार झालं असं समजू नका.

ब्रेकमध्ये फरक जाणवतो. डिस्क तीच, कॅलिपर तोच, पण चाक लहान झाल्यामुळे तेवढ्याच दाबात ब्रेक सहाव्या हिश्श्याने जास्त लागतो. ऐकायला छान आहे, पण आधीच्या सवयीने कचकन दाबला तर लांब फोर्क एकदम खाली बसतो आणि पोटात गोळा येतो. आणि ज्या गाडीत स्पीड पुढच्या चाकावरून मोजतात तिथे मीटर जास्त दाखवायला लागतो, साठला सत्तर. एक अर्थी बरंच आहे म्हणा.

आणि स्टँड! हे कोणीच सांगत नाही. गाडी खाली आली पण साइड स्टँड तेवढाच लांब राहिला, म्हणजे गाडी डावीकडे झुकायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहते. चाकं बसवल्यावर पहिल्याच रविवारी मी सदरमध्ये तर्री पोहे खायला थांबलो, गाडी गट्टूवर, म्हणजे पेव्हर ब्लॉकवर, लावली, गट्टू उजवीकडे किंचित उतरते, प्लेट हातात घेतली, तर्री टाकून घेतली, आणि मागून धप्प. उजवा आरसा गेला, पुढच्या ब्रेकचा लिव्हर अर्ध्यातून तुटला. पोहेवाला म्हणतो, "भाऊ, गाडी झोपली तुमची." तुटक्या लिव्हरच्या दोन बोटांएवढ्या तुकड्यावर ब्रेक दाबत घरी आलो. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडून स्टँड दोन सेंटिमीटर कापून जोडून घेतला. तुम्ही आधीच कापून घ्या.

कायद्याचं पण ऐका. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये यावर कडकच भूमिका घेतली. चाकाच्या मापाचं आरटीओत आधी विचारा, उत्तर लेखी मिळालं तर उत्तम, आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच बोट ठेवतात. सायलेन्सर फोडलेला लावायचा विचार असेल तर तो इथेच सोडा, सुपरमोटोपणाशी त्याचा काही संबंध नाही आणि शेजारच्या काकूंचा बीपी वाढतो. म्हणूनच मी म्हणतो की एमटी किंवा २००टी घेतली तर हा सगळा भाग वाचतो. मूळ चाकं विकू नका, हेही सांगून ठेवतो, माळ्यावर ठेवा, गाडी विकताना लागतील. मी तर पावसाळ्यात पेंचकडे जायचं असलं की जुनीच चाकं चढवतो.

नागपूरच्या रस्त्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे सगळीकडे सिमेंट रोड झाले आणि बाजूला गट्टू, दोघांच्या मधे कुठे बोटभर, कुठे वीतभर पायरी. २१ इंची चाक ती पायरी चढून जायचं, १७ इंची चाक तिरपं लागलं तर पायरीच्या कडेने घासत जातं आणि हँडल हातातून निघतं. पायरी जितकी काटकोनात कापता येईल तितकी कापा, वेग कमी करून, ब्रेक सोडून. ऑटोवाल्याला वाट द्यायला घाईत गट्टूवर उतरलात तर परत चढताना हाच खेळ. दुसरं म्हणजे सिमेंटच्या जोडातल्या लांब भेगा, त्यांच्यावर चाक समांतर चालवू नका. हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासा, दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा वर दिसतो आणि तुम्ही उगाच हवा काढता. पावसाच्या पहिल्या दोन-तीन दिवसात तेल आणि धूळ वर येते, तेव्हा सस्पेन्शन कितीही भारी असो, चाल स्प्लेंडरचीच ठेवा. आणि हो, समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, दर वर्षी कोणीतरी "टोलवरून सोडतील ना" विचारतो.

आता शिकायचं कुठे आणि कसं. मागचं चाक घसरवणं, पाय बाहेर काढून वळणात घुसणं, हे रस्त्यावर अजिबात नाही. फुटाळ्यावर लोक बघत असतात तिथे तर मुळीच नाही. आपल्या शहराची एक मोठी सोय आहे, लेआउट. बेसा, हिंगणा, उमरेड रोड, कुठेही जा, प्लॉट विकले गेलेत, आतले रस्ते झालेत, घर एकही नाही. आत डांबराचा एक तुकडा, बाजूला मुरूम, म्हणजे सुपरमोटोचा ट्रॅक जसा असतो तसंच. मालकाला नाहीतर चौकीदाराला विचारून, सकाळी सहाला, एकटं न जाता.

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वाळू भरून न्या. दोन बाटल्या दहा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलका लावून. इथे शरीर उलटं वापरायचं असतं. स्पोर्ट बाइकवर माणूस वळणाच्या आत झुकतो, इथे माणूस सरळ बसतो आणि गाडी आपल्या खाली झोपवतो, बाहेरच्या बाजूच्या फूटरेस्टवर वजन, आतला हात सरळ करून हँडल खाली ढकलायचं, आणि बसायचं टाकीला चिकटून पुढे. पहिल्या दिवशी आठ काढताना चार वेळा पाय टेकेल, टेकू द्या. तीन-चार रविवारी बाटल्या जवळ जवळ आणत सहा पावलांवर आणा. नजर बाटलीवर ठेवली की बाटलीच चिरडली जाते, पुढच्या वळणाकडे मान फिरवली की गाडी आपोआप येते, हे तिसऱ्या रविवारी एकदम कळतं, सांगून कळत नाही.

मग ब्रेक. चाळीसचा वेग, एक खूण, आणि खुणेपासून थांबायचं. पुढचा लिव्हर आधी बोटाने नुसता ओढून फोर्क बसू द्या, मग दाब वाढवा. पुढचं चाक कुठे कुं करतं ते हळूहळू कळेल. एक्सपल्स २०० ला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) फक्त पुढे आहे, मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होतं, ते मुरमावर मुद्दाम करून बघा, वीसच्या वेगात, गाडी सरळ ठेवून. मागचं चाक सरकलं तर काही होत नाही हे अंगात बसलं की रस्त्यावर कुत्रं आडवं आलं तेव्हा घाबरून पाय सुटत नाही. नवीन माणसाने पहिल्या वर्षी एवढंच घसरवावं.

तासाभरात हात दुखायला लागतात, मग थांबायचं, तेव्हाच पडापडी होते. बाटल्या मोजून परत बॅगेत भरा, मागच्या वेळी आम्ही दोन विसरलो तर चौकीदार काका पुढचे दोन रविवार आत सोडायलाच तयार नव्हते.